परिमितीत ‘फळ’ का नाही?

एका ताईंनी विचारलंय: ‘मुलगा पाचवीत आहे. क्षेत्रफळात फळ आहे, घनफळात फळ आहे, मग परिमितीत का नाही, असं तो विचारतो. काय सांगू?’

ताई, पोराने नेमक्या जागी बोट ठेवलंय.

इथलं फळ म्हणजे हिशेबाअंती हाती येणारं उत्तर. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. 1150) वर्तुळाच्या क्षेत्रफळाला नुसतं ‘फल’ म्हटलंय. परिधीला व्यासाच्या चौथ्या हिश्शाने गुणलं की ते मिळतं. त्याची चौपट केली की गोलाचं पृष्ठफळ, कसं, तर चेंडूभोवती जाळी असावी तसं! आणि त्याला व्यासाने गुणून सहाने भागलं की गोलाच्या पोटातलं घनफळ. हे सगळं एकाच श्लोकात. ती चेंडूची जाळी मुलाला जरूर सांगा.

मिती म्हणजे माप. भूमिती, त्रिकोणमितीतली मिती हीच. परि म्हणजे भोवती, जसं परिक्रमेत. भाचीला मी एकदा जेवायच्या पाटाभोवती सुतळी गुंडाळायला लावली. सुतळी सोडून टेपला लावली, परिमिती मिळाली. मग म्हटलं, आता याच सुतळीने पाटाची जागा मोज. ती पाटावर सुतळी आडवी, उभी, नागमोडी पसरत बसली आणि म्हणाली, ‘मावशी, मधे फटी राहतातच!’ शेवटी लांबी-रुंदी घेऊन गुणाकार केला. कड थेट मापता येते, म्हणून ती मिती. आतली जागा हिशेबाने काढावी लागते, म्हणून ते फळ. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही, पण मुलांना फरक कळायला ही फोड फार उपयोगी पडते.

‘क्षेत्र’ तर आपल्या अगदी घरचा. ‘शेत’ त्याच्यापासूनच आलाय, आणि गावाकडे आजही ‘उसाखाली किती क्षेत्र?’ असंच विचारतात. 33 फूट लांब, 33 फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. त्याला कुंपण घालायचं तर एका पदराला 132 फूट तार. तोच गुंठा रस्त्याकडेला 11 फूट रुंद आणि 99 फूट लांब पट्टी म्हणून मिळाला तर तार लागते 220 फूट. बियाणं तेवढंच, तार 88 फूट जास्त. मुलाला चौकटीच्या वहीत काढू द्या, एका फुटाला एक घर नाही मावलं तर लहान आकडे घ्या.

‘परीघ’ शाळेत वर्तुळापुरताच वापरतात. चौकोनाची ती परिमिती. घनफळ आणि आकारमान यांत मात्र अर्थाचा फरक नाही. गणिताच्या तासाला घनफळ, विज्ञानात घनता काढताना आकारमान, इतकंच.

आणखी एक, कारण इथे मोठी माणसंही चुकतात. ‘5 चौरस मीटर’ आणि ‘5 मीटर चौरस’ एक नव्हे. 5 मीटर चौरस खोलीची प्रत्येक बाजू 5 मीटर, म्हणजे तिचं क्षेत्रफळ 25 चौरस मीटर.