ठळक अक्षराचं पोट

ठाण्यात जांभळी नाक्यावर आमचं 'धान्य भांडार' आहे. नव्या पाटीला गोलाकार, एकसारख्या जाडीचा फॉन्ट घेतोय. पेंटर म्हणतो, जितका बोल्ड तितका लांबून दिसेल. घ्यावा का सगळ्यात जाड?

तुमच्या नावाला तो धोक्याचा आहे. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांत फरक काय? शिरोरेषेतली छोटीशी फट आणि तिथली गाठ. रेघ फुगली की फट बुजते आणि रस्त्यापलीकडून 'घान्य मांडार' वाचलं जातं. लांबून अक्षर ओळखू येतं ते आतल्या मोकळ्या जागेमुळे. मी तिला अक्षराचं पोट म्हणतो. इंग्रजी 'O' या अक्षराला एकच मोठं पोट असतं, म्हणून तो जाडी सोसतो. आपल्या 'क्ष', 'झ'मध्ये तेवढ्याच जागेत दोन-तीन वळणं कोंबलेली.

पॉपिन्स हा याच घाटाचा फॉन्ट. त्याची नऊ वजनं, म्हणजे जाडीच्या नऊ पायऱ्या आहेत, मोफत आहे, धंद्यासाठीही चालतो. सगळ्यात जाड ब्लॅक सोडा, त्याखालचा एक्स्ट्राबोल्ड किंवा बोल्ड घ्या. नाव कागदावर छापून शटरला चिकटवा आणि संध्याकाळच्या गर्दीत समोरच्या फुटपाथवरून वाचा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' हा फॉन्ट याहून जाड, पोटाची नुसती चीर उरलेला. मला फार आवडतो, पण एक-दोन शब्दांच्या मोठ्या मथळ्याला. धान्याच्या पाटीला नाही.

वाशीत शोरूम आहे. मराठी आणि इंग्रजी नावाची उंची कॉम्प्युटरवर सारखी ठेवली, तरी मराठी लहान का दिसतं?

तुम्ही चौकट मोजलीत. मराठीच्या चौकटीत वरची वेलांटी, मात्रा आणि खालचा उकारही बसतो, मूळ अक्षराला उरते मधली पट्टी. शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलशी जुळवा, थोडी जास्तच ठेवा. महाराष्ट्राच्या दुकानं-आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनुसार पाटीवरचं मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

ॲक्रिलिक कापून आणलं, तर प्रत्येक अक्षर सुटं निघालं!

शिरोरेषा पडद्यावर जोडलेली दिसते, पण फाइलमध्ये प्रत्येक अक्षराची वेगळी असते. कर्व्ह केल्यावर, म्हणजे अक्षरांचे आकार बनवल्यावर, ते वेल्ड करायला, म्हणजे एकमेकांत जोडायला सांगा. अख्खा शब्द एकसंध निघेल. अनुस्वार मात्र सुटाच राहणार, तो वेगळा चिकटवावा लागतो.

खारघरला डिझाइन शिकते. कंपासने वर्तुळं काढून देवनागरी फॉन्ट करतेय, पण 'ठ' शोभतो आणि 'ळ' बेढब होतो.

कंपास सुरुवातीपुरता. पॉल रेनरच्या 1927 च्या फ्यूचुरा या भौमितिक इंग्रजी फॉन्टमध्येही गोल खांबाला मिळतो तिथे रेघ बारीक केलेली आहे, नाहीतर सांध्यावर काळा डाग दिसतो. डोळ्याला आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासते, म्हणून शिरोरेषा कान्याहून किंचित पातळ ठेव. 'ळ'चे दोन गोल सारखे करायचा हट्ट सोड, मधल्या सांध्याला जागा दे. आणि 'ल', 'श' मराठी वळणाचेच काढ. हिंदी वळणाचा 'ल' ठाण्याच्या पाटीवर दिसला की मला आजही खुपतो.