घाऱ्या डोळ्यांना लेझर चालत नाही का? रंग जातो का?

तुम्ही लिहिलंय की डोळे घारे आहेत, नंबर मायनस साडेपाच आहे, दिवाळीनंतर घरी स्थळं बघायला सुरुवात होणार आहे आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, घाऱ्या डोळ्यांना लेझर सोसत नाही, रंगही उतरतो. शिवाय चाळिशीच्या चष्म्याचं काय होतं, हेही विचारलंय. सोसत नाही हे वाक्य मी स्वतः एकवीस वर्षं ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

रंग उतरत नाही. घाऱ्या डोळ्यांना लेझर चालतं.

गोंधळ ‘बुबुळ’ या शब्दाचा आहे. घरी आपण बुबुळ म्हणतो ते रंगीत वर्तुळाला. पेपरात ‘बुबुळरोपण’ छापून येतं ते मात्र कॉर्नियाचं, म्हणजे त्या वर्तुळाच्या पुढच्या पारदर्शक काचेचं. नंबरचं लेझर फक्त या काचेला नवा आकार देतं. त्याचे किरण १९३ नॅनोमीटरचे, अतिनील. वरच्या थरातच शोषले जातात. रंग ठरतो मागच्या वर्तुळातल्या मेलॅनिनवर. घाऱ्या डोळ्यांत ते कमी असतं, एवढाच फरक. तिथवर हे लेझर पोचतच नाही.

२००४ साली मी पंचविशीत होते. आम्ही शनिपाराजवळ राहायचो, माझा नंबर मायनस साडेसहा. स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळला की चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत लेन्स. पण नंबर लपवायचा नाही म्हणून बाबांनी कांदेपोह्यांना चष्मा घालायला लावला. कोथरूडचं स्थळ होतं. मुलाची आई म्हणाली, डोळे सुंदर आहेत हो, पण चष्म्यामागे किती बारीक दिसतात, लेझर करून घ्या ना. दुसऱ्या दिवशी बाबांनी ठेव मोडली.

पहिल्या ठिकाणी पंधरा मिनिटांत सगळं उरकलं. मी लेन्स घालूनच गेले होते. तिथे काढल्या, डबीत ठेवल्या, मशीनवर हनुवटी टेकवली आणि बाहेर येईपर्यंत शुक्रवारची तारीख हातात. लेन्स किती दिवस बंद आहेत, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आईला ते खटकलं. ती मला ओढत दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि म्हणाले, दोन आठवडे लेन्सना हात लावू नका, मग या. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, मापं चुकीची येतात.

दोन आठवड्यांनी माझ्या कॉर्नियाची जाडी निघाली ४७२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सर्वसाधारण जाडी ५४० च्या आसपास असते. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागेच हिशेब मांडला. लेझर मारण्याआधी कॉर्नियाची वरची पातळ चकती उचलतात, तिच्यात १६० गेले. एक नंबर घालवायला लेझरने साधारण १५ झिजतात असं धरलं तर साडेसहाला ९८. उरले २१४. किमान २५० तरी उरायला हवेत. त्यात कॉर्नियाचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशात खालचा भाग जरा जास्त उंचावलेला दिसत होता. अशी पातळ काच आतल्या दाबाने पुढे फुगत जाऊ शकते आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. ते सरळ म्हणाले, मी करणार नाही आणि तुम्ही दुसरीकडेही करू नका.

आईने तिथेच माझा हात धरला. घरी आल्यावर आत्या म्हणाली, मी म्हणत नव्हते, घाऱ्या डोळ्यांना सोसत नाही म्हणून! स्थळाकडेही तिने तसंच कळवलं. ते मोडल्यावर तिचं म्हणणं बदललं: हिलाच करायचं नव्हतं, जाडीबिडी सगळी निमित्तं. हे मला फार लागलं. पुढे २०११ मध्ये आत्याच्याच मुलीने लेझर केलं. तिचे डोळे माझ्यापेक्षा घारे, पण जाडी ५६०. आजही तितकेच घारे आहेत, आणि तिला चष्मा नाही.

म्हणून सांगते, लग्नासाठी करू नका. चष्म्यावरून नाक मुरडणाऱ्या घरात डोळे मापून घ्यायला कशाला जायचं? स्वतःला हवं असेल तर जरूर करा, पण नंबर निदान वर्षभर स्थिर असू दे, लेन्स आधी बंद ठेवा, जाडीचा आकडा आणि कॉर्नियाचा नकाशा मागून घ्या. जे हे दाखवायला का कू करतात, त्यांच्याकडून उठून या. आणि रीलवर डोळ्यांचा रंग बदलून देणारी ऑपरेशनं दिसतात, ती पूर्ण वेगळी. कॉर्नियात रंग भरतात किंवा आत रंगीत चकती बसवतात. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये त्यांविरुद्ध इशारा दिलाय. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

चाळिशीचं म्हणाल तर वाचायचा चष्मा लेझरनंतरही लागतोच, कारण ती आतल्या भिंगाची ताठरता आहे.

मी डॉक्टर नाही, आणि बहुतेकांचं लेझर छान होतं हेही खरं. काही महिने डोळे कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. कॉर्निया पातळ निघाला तर डोळ्यात लेन्स बसवण्याचा पर्याय विचारा. आणि नंबर गेला तरी मायनसचा डोळा आतून लांबच राहतो, मागचा पडदा (रेटिना) ताणलेलाच असतो. दरवर्षी थेंब घालून पडदा तपासून घ्या. अचानक काळे ठिपके वाढले किंवा डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गेल्या श्रावणात आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आदल्या रात्री तिचा फोन आला, माझा रंग जाईल का गं? मी तो जुना केसपेपर घेऊन तिच्याकडे गेले. भिंग रंगीत वर्तुळाच्या मागे असतं, रंगाला धक्का लागत नाही, हे कागदावर काढून दाखवलं. मग कागद उलटून २१४ चा आकडा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, हा कागद तेव्हा मला कुणी दाखवला नाही.

दाखवला नव्हता, हे खरं.