वाचक विचारतात: चार पानी सीव्ही आणि रिकामं प्रोफाइल

प्रश्न: ताई, मी अकरा वर्षं एका कंपनीच्या हिशेब विभागात होते. आईच्या आजारपणात नोकरी सोडली आणि दोन वर्षं घरी राहिले. आता पाच महिने अर्ज करतेय, पण मुलाखतीचं बोलावणं एकदाच आलं. चार पानांचा सीव्ही आहे, तोच सगळीकडे पाठवते. लिंक्डइनवर खातं आहे, त्यात नाव आणि जुन्या कंपनीपलीकडे काही नाही. मैत्रीण म्हणते, सीव्हीचा जमाना गेला, आता सगळं लिंक्डइनवर चालतं. बहीण म्हणते, तो नुसता दिखावा आहे. कोणाचं ऐकू? आणि त्या दोन वर्षांचं काय लिहू? सीव्ही सोबत जोडला आहे.

उत्तर: सीव्ही मी सावकाश वाचला. पहिल्या पानावर 'मेहनती, प्रामाणिक, संघभावनेने काम करणारी' असं आहे. मग शिक्षण, मग कामांची लांबलचक यादी. आणि तिसऱ्या पानाच्या अगदी तळाशी एक ओळ: 'नव्वद दिवसांवरची थकबाकी वर्षभरात निम्म्यावर आणली.' ही ओळ तिथे कशी गेली? वसुलीसाठी माणूस शोधणारा साहेब हेच वाक्य शोधत असतो, आणि तिसऱ्या पानापर्यंत तो पोचतच नाही. मी बरीच वर्षं नेमणुका करणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे. अर्जांचा गठ्ठा समोर असला की पहिली चाळणी काही सेकंदांत होते. वाचणारा निर्दय नसतो, त्याला संध्याकाळपर्यंत आठ-दहा नावं वर पाठवायची असतात.

म्हणून ती ओळ पहिल्या पानावर, सगळ्यात वर आणा. शेजारी महिन्याला किती बिलं हाताळत होता, किती ग्राहकांची खाती तुमच्याकडे होती, हे लिहा. 'मेहनती' आणि 'प्रामाणिक' काढून टाका, कारण तसं प्रत्येकजण लिहितो. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद यांचीही गरज नाही. अकरा वर्षांचं काम दोन पानांत नीट बसतं.

आता तोच सीव्ही सगळीकडे पाठवण्याबद्दल. मला वाटतं, तुमचे पाच महिने इथेच गेले. सीव्ही हे एका विशिष्ट जाहिरातीला दिलेलं उत्तर असतं. जाहिरातीत 'बँक रिकन्सिलिएशन' म्हटलं असेल आणि तुम्ही 'बँकेचे ताळमेळ' लिहिलं असेल, तर काम तेच असूनही शोधात तुमचं नाव मागे पडू शकतं. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातात आणि नेमणूक करणारी माणसं तिथे शब्द टाकून शोधतात. केलेल्या कामाला जाहिरातीतलाच शब्द वापरा. न केलेल्या कामाला मात्र अजिबात वापरू नका, मुलाखतीच्या दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. तुमच्या सीव्हीत दोन रकाने आहेत आणि फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये आहे. अशी मांडणी काही सॉफ्टवेअरना नीट वाचता येत नाही. सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. तिथे ओळींची सरमिसळ झाली, तर पलीकडेही होण्याची शक्यता आहे.

प्रोफाइलचं काम वेगळं. तिथे तुम्ही कोणाला उत्तर देत नाही, तिथे तुम्ही सापडायचं असतं. नावाखालच्या शीर्षकाला २२० अक्षरांची जागा आहे. 'नोकरीच्या शोधात' लिहून ती वाया घालवू नका, कारण त्या शब्दांनी कोणी माणूस शोधत नाही. 'अकाउंट्स रिसीव्हेबल, थकबाकी वसुली, बँक रिकन्सिलिएशन, एक्सेल' असं सरळ लिहा, आणि ज्या भाषेत जाहिराती निघतात त्या भाषेत लिहा. 'अबाउट'मध्ये २६०० अक्षरं मावतात, पण उघडल्यावर सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात. थकबाकीची गोष्ट तिथेच सांगा. पदं आणि तारखा सीव्हीशी तंतोतंत जुळू द्या. सीव्ही आवडला की पुष्कळजण प्रोफाइल उघडतात, आणि तारखा वेगळ्या दिसल्या की मनात शंका येते. मग ती दूर करायला तुम्ही समोर नसता.

दोन वर्षांबद्दल: लपवू नका आणि माफीही मागू नका. 'कुटुंबातील आजारी व्यक्तीची देखभाल', महिना आणि वर्ष. सीव्हीत एवढी एक ओळ पुरते. लिंक्डइनने २०२२ पासून कामातल्या खंडाची नोंद करायची सोय दिली आहे, त्यात देखभाल हे कारणही निवडता येतं. आजाराचा तपशील कोणालाही द्यायला तुम्ही बांधील नाही. आईची सेवा केलीत, त्यात खाली मान घालण्यासारखं काही नाही.

आणि आता ज्यासाठी मला तुमच्याशी सर्वांत जास्त बोलायचं होतं ते. अकरा वर्षांत किती ऑडिटर, किती ग्राहक कंपन्यांचे अकाउंटंट, किती जुने सहकारी तुमच्या संपर्कात आले असतील! समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांपैकी निम्म्याहून अधिकांना ती अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीतून मिळाली होती. नेहमी भेटणाऱ्यांकडून मिळालेले जेमतेम सहात एक होते. जवळच्यांना बहुधा तीच माहिती असते जी आपल्याला असते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांतही नोकरीसाठी फार घट्ट नसलेल्या ओळखीच अधिक उपयोगी ठरल्या. लिंक्डइनचा खरा उपयोग हा आहे. दिखाव्याच्या पोस्ट टाकल्या नाहीत तरी चालेल.

तेव्हा नोकरी मागू नका, माहिती विचारा. उदाहरणार्थ: 'नमस्कार, ऑडिटच्या वेळी थकबाकीच्या याद्या मी आपल्याला देत असे. मी पुन्हा काम सुरू करतेय. आपल्या कंपनीत वसुली विभागाची जाहिरात पाहिली. तिथे नेमकं कोणतं काम अपेक्षित आहे, हे दहा मिनिटं फोनवर विचारलं तर चालेल का?' असे निरोप आधी पाठवा, अर्ज त्यांच्याशी बोलून झाल्यावर करा. सीव्हीत काय वर घ्यायचं हे त्या बोलण्यातूनच कळेल.

प्रश्न: मी नोकरीत आहे आणि दुसरी शोधतोय. प्रोफाइल बदललं तर ऑफिसात कळेल का?

उत्तर: कळू शकतं, म्हणून क्रम सांभाळा. बदल करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन 'प्रोफाइलमधले बदल ओळखीच्यांना कळवा' हा पर्याय बंद करा. 'ओपन टू वर्क', म्हणजे नोकरी शोधत असल्याची खूण, लावायची असेल तर सगळ्यांना दिसणारी हिरवी पट्टी नको, फक्त नेमणूक करणाऱ्यांना दिसेल असा पर्याय घ्या. तुमच्याच कंपनीतल्या नेमणूक करणाऱ्यांपासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण हमी देत नाही. आणि खात्याला ऑफिसचा ईमेल जोडलेला असेल तर आजच स्वतःचा जोडा, नाहीतर नोकरी सोडल्यावर खात्यात शिरणंच अवघड होऊन बसेल.