चालू म्हणून घेतलेला जुना मदरबोर्ड बंद निघाला, दुकानदार म्हणतो 'गॅरंटी नाही'

प्रश्न : सेलूत (जि. परभणी) माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं छोटं दुकान आहे, मी एकटाच चालवतो. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून ४,२०० रुपयांना जुना मदरबोर्ड घेतला. व्हॉट्सॲपवर त्यांनी 'टेस्टेड आहे, एकदम चालू' असं लिहिलं होतं. माझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये बसवला, तर बटण दाबून पंखासुद्धा हलत नाही. दुकानदार म्हणतो, "तुमच्याकडच्या लाईटीनं उडाला असंल. अन् चिठ्ठीवर 'गॅरंटी नाही' लिहिलंय." इथला मेकॅनिक ८०० रुपयांत आयसी बदलून बघतो म्हणतोय. आज बारावा दिवस आहे. काय करू?

उत्तर : आधी त्या मेकॅनिकला थांबवा. बोर्डाला एकदा सोल्डर लागला की 'तुम्हीच बिघडवला' म्हणायला दुकानदार मोकळा.

पण नोटीस धाडण्याआधी बोर्ड खरंच बंद आहे का, याची खात्री हवी. दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जा. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवायला सांगा, कारण मागचा स्क्रूचा ठोकळा चुकीच्या जागी टेकला तरी शॉर्ट होतो. २४ पिनांची वायर आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वायर पूर्ण बसली आहे का, पॉवर बटणाची जोडी बरोबर पिनांवर आहे का, हे बघायला सांगा. मग सगळ्यात महत्त्वाची चाचणी. हा बोर्ड दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसवर (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) लावायचा आणि तुमचा एसएमपीएस दुसऱ्या चालू बोर्डाला. तुमचा एसएमपीएस तिथं चालला आणि हा बोर्ड इथंही हलला नाही, तर दोष बोर्डात. बाहेरची लाईट आधी एसएमपीएसमध्ये येते; तो शाबूत असेल तर लाईटीचा मुद्दा बराच लुळा पडतो. आपल्याकडे लाईट कमी-जास्त होते हे खरं, म्हणून प्रकरण ग्राहक आयोगात गेलं, तर हाच मुद्दा ते तिथंही मांडतील.

या सगळ्याचा व्हिडिओ काढा, बोर्डावरचा सिरियल नंबर त्यात दिसू द्या, आणि त्या दुकानाकडून तारीख-सही-शिक्क्यानिशी लेखी घ्या. प्रोसेसर काढाल तेव्हा तो बसतो त्या सॉकेटचा जवळून फोटो घ्या. पिना वाकलेल्या दिसल्या तर मला खरं सांगा. त्या कोणी वाकवल्या हे सिद्ध करणं अवघड असतं, आणि मग मी तुम्हाला तडजोडीचाच सल्ला देईन.

आता चिठ्ठीवरच्या ओळीचं. 'गॅरंटी नाही' म्हणजे माल पुढे किती दिवस टिकेल याची हमी नाही. विकताना तो 'एकदम चालू' होता, हे त्यांनी स्वतः लिहिलेलं वाक्य त्यानं पुसलं जात नाही. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असावा लागतो. जुना माल त्यातून सुटत नाही. चिठ्ठी पैसे दिल्यावर हातात आली असेल, तर तेही लिहून ठेवा. चॅट डिलीट करू नका आणि फोनही विकू नका. चॅटची प्रिंट पुरावा म्हणून देताना तिच्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

'तुम्ही धंद्यासाठी घेतला, मग ग्राहक कसले?' असंही विचारतील. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हणतो की केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेणारा ग्राहकच आहे. तुम्ही स्वतः बसून फॉर्म भरता, हे तक्रारीत ठळक लिहा. पक्कं बिल न देणं, आणि पावतीवर मुदत नसताना सदोष माल ३० दिवसांत परत न घेणं, ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून बारावा दिवस हातचा जाऊ देऊ नका. आजच लेखी मागा: बोर्ड परत घ्या, ४,२०० रुपये द्या. स्पीड पोस्टानं पाठवा आणि व्हॉट्सॲपवरही टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. माझ्या अनुभवात एवढ्या रकमेचे बरेच वाद इथंच मिटतात.

नाही मिटला, तर संभाजीनगरच्या खेपा नकोत. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे परभणीच्या, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. आयोग बोर्ड तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात. तोवर सॉकेटवर झाकण लावून, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून बोर्ड कपाटात ठेवा.

आणि तपासणीत बोर्ड चालू झालाच, तर त्याच दिवशी दुकानदाराला फोन करून तसं सांगा.