नाताळात ‘ख्रिस्तपुराण’ वाचायला घेताय?

छान ठरवलंत! फक्त पहिल्या ओवीपासून पारायण धरू नका. गोव्यातले इंग्रज ख्रिस्ती धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं बायबलची कथा मराठीत सांगणारं हे 1616 सालचं पुराण दहा हजारांवर ओव्यांचं, त्यात पहिला भाग जुन्या कराराचा, म्हणजे बायबलातल्या येशूच्या आधीच्या कथांचा. बहुतेक जण तिथंच अडकतात नि नाताळ निघून जातो. थेट दुसऱ्या भागातला, म्हणजे ‘दुसऱ्या पुराणा’तला, येशूचा जन्मप्रसंग काढा.

- आधी बायबलातलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय 2, वचनं 1 ते 20 वाचा. प्रसंग ठाऊक असला की जुनी मराठी निम्मी सुटते.
- रोज दहा-पंधराच ओव्या, पण मोठ्यानं. पैठणच्या नाथांचं भागवत कानावर असेल तर लय लगेच सापडेल.
- शब्दाशब्दाला कोश नको; पेन्सिलीनं खूण करा, पुढं चला.

मग मनाला लागलेली एक ओवी वहीत उतरवून पाच मिनिटं गप्प बसा. टीपा-प्रस्तावना जानेवारीत बघू.