लग्नाची 25 वर्षं आणि युरोप: सात देश की दोन शहरं?

नाशिकच्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. येत्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला 25 वर्षं होतील. दोघांना युरोप बघायचा आहे. एका टूर कंपनीने 12 दिवस, सात देश असं पॅकेज सांगितलं आहे, माणशी 3 लाख 40 हजार, जीएसटी धरून. मार्चमध्ये 3 लाखांची एफडी सुटते. उरलेल्या रकमेसाठी बँक 14 टक्क्यांनी 4 लाखांचं पर्सनल लोन द्यायला तयार आहे. दोघांचं मिळून घरात महिना 1 लाख 10 हजार येतात, घराचा हप्ता 24 हजार, लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. अडीअडचणीचे 3 लाख वेगळे ठेवलेले आहेत आणि लेकीच्या पुढच्या शिक्षणासाठी 10 हजारांची एसआयपी चालू आहे. त्यांच्या एका मैत्रिणीने सुचवलंय की स्वतःच व्हिएन्ना आणि बुडापेस्ट अशी दोनच शहरं करून या. विमानाचे आणि हॉटेलचे भावही काढून दिलेत. ताई लिहितात, "युरोप काही पुन्हा पुन्हा होत नाही, मग जातोच आहोत तर सगळं बघून घ्यावं असं हे म्हणतात. पाय धड आहेत तोवर जाऊन यायचंय. काय करू?"

ताई, जा. हे आधी लिहितो, कारण आर्थिक सल्लागाराला विचारलं की तो नकोच म्हणणार अशी तुमची थोडी तयारी दिसते. पंचवीस वर्षं दोघांनी नोकरी करून घर उभं केलंत, त्यातली एक सहल ही उधळपट्टी नव्हे. ते एक आर्थिक उद्दिष्टच आहे, आणि त्याला लेकीच्या फीइतकंच नीट वागवायचं. फक्त 4 लाखांचं कर्ज काढून जाऊ नका. मैत्रिणीचं ऐका, दोन शहरं करा, आणि मेऐवजी दिवाळीच्या सुट्टीत जा.

आता कर्जाचं गणित. 4 लाख, 14 टक्के, तीन वर्षं. हप्ता साधारण 13,670 रुपये. तीन वर्षांत तुम्ही 4 लाख 92 हजार परत कराल, म्हणजे 92 हजार नुसतं व्याज. मैत्रिणीने काढलेल्या हॉटेलच्या आठ रात्रींचा सगळा खर्च याहून कमी आहे. शिवाय घराचा हप्ता आणि हा हप्ता मिळून मिळकतीचा तिसरा हिस्सा जातो, आणि तोही नेमका लेकीच्या शेवटच्या वर्षात. अशा वेळी घरात पहिल्यांदा काय थांबतं ते मी इतक्या घरांत पाहिलंय की सांगायला नको. एसआयपी थांबते. "चार महिन्यांपुरती" म्हणून थांबते आणि मग सुरू व्हायचं राहून जातं.

टूर कंपन्यांबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. बरोबर सासू-सासरे असते, कुणाला गुडघ्याचा त्रास असता, किंवा परक्या देशात स्टेशन शोधायची धास्ती वाटत असती, तर मी तुम्हाला ग्रुप टूरच सुचवली असती. व्हिसाची कागदपत्रं, शाकाहारी जेवण, सामानाची काळजी, सगळं त्यांच्यावर टाकता येतं, आणि त्याचे पैसे द्यावेतच. पण तुम्ही पाठवलेला कार्यक्रम मी दोनदा वाचला. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, राइनचा धबधबा, ल्यूसर्न, इन्सब्रुक, व्हेनिस, रोम. त्यात नऊ वेळा बॅग भरायची आहे. व्हेनिसला तीन तास. सात देशांतला मोठा भाग बसच्या काचेतून आहे. तुमचं पत्र वाचून मला वाटलं, तुम्हाला दोघांना निवांत चालायचंय. "पाय धड आहेत तोवर" असं तुम्हीच लिहिलंय.

मैत्रिणीच्या भावांवरून मी आकडे मांडले. युरो मुद्दाम 110 रुपये धरलाय, म्हणजे दर थोडा हलला तरी पोटात गोळा यायला नको. विमान, मुंबई ते व्हिएन्ना जाताना आणि बुडापेस्ट ते मुंबई येताना, माणशी 58 हजार, दोघांचे 1 लाख 16 हजार. हॉटेल आठ रात्री, रोज 95 युरो, 83,600 रुपये. व्हिसा माणशी 90 युरो, त्यावर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क आणि विमा, मिळून 27 हजार. जेवण आणि ट्राम-मेट्रो दोघांचे रोज 70 युरो, नऊ दिवसांचे 69,300. रेल्वे 6,600. राजवाडे, संग्रहालयं, गरम पाण्याची स्नानगृहं यांना 22 हजार. नाशिकहून विमानतळापर्यंत येणं-जाणं 8 हजार. बेरीज 3 लाख 32 हजार 500. त्यावर दहा टक्के हाताशी ठेवा. 3 लाख 65 हजारांत सहल बसते.

तुमची एफडी 3 लाखांची आहे. कमी पडतात 65 हजार. फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत 8 हजारांची आरडी काढा, नऊ महिन्यांत 72 हजार अधिक थोडं व्याज. 13,670 चा हप्ता तीन वर्षं भरायची तयारी होती, तर 8 हजार नऊ महिने बाजूला काढणं तुम्हाला जमेल.

लग्नाचा वाढदिवस मेमध्ये आहे, आणि तारखेला तिथे असण्याची गोडी वेगळी, हे मला समजतं. पण शाळेच्या सुट्ट्या दोनच, आणि मे महिन्यात आपल्याकडचं निम्मं शहर व्हिसाच्या रांगेत असतं. दिवाळीनंतर तिथे गर्दी उतरलेली असते, हॉटेलं उन्हाळ्यापेक्षा स्वस्त मिळतात. भाऊबीज उरकून मधल्या वारी निघा. थंडी मात्र खरी असते, आणि नोव्हेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास अंधार पडायला लागतो. चांगले बूट आणि गरम आतले कपडे इथूनच घ्या, तिथे घेणं महागात पडतं.

व्हिसाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक झाली की पैसे बुडतात. ऑस्ट्रिया आणि हंगेरी दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात, त्यामुळे एकच व्हिसा चालतो. जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. तुमच्या चार-चार रात्री आहेत आणि आधी व्हिएन्ना, म्हणून ऑस्ट्रिया. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तुम्ही ऑगस्टमध्ये करा. किमान 30 हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा सक्तीचा आहे. अर्ज नाकारला गेला तर फी परत मिळत नाही, म्हणून हॉटेल रद्द करता येणारंच घ्या आणि तिकीटही रद्द केल्यावर किती कापतात ते विचारूनच काढा, भले दोन हजार जास्त पडोत. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून, मेव्हण्याकडून उसने घेऊन खात्यात मोठी रक्कम दाखवू नका. स्टेटमेंट बघणाऱ्याला ते लगेच कळतं. दोघांचे नियमित पगार, आयटी रिटर्न, शाळेचं रजेचं पत्र आणि मार्चपासून पडून असलेले एफडीचे पैसे, हेच तुमचं बळ आहे.

टूर पॅकेज घेतलं असतं तर वर टीसीएसही, म्हणजे कंपनी आपल्याकडून आगाऊ गोळा करते तो आयकरही, भरावा लागला असता. तो खर्च नसतो, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकून राहतो. स्वतः फॉरेक्स कार्डात, म्हणजे परकीय चलन आधी भरून ठेवायच्या कार्डात, पैसे भरताना वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही. त्यामुळे युरोचं फॉरेक्स कार्ड काढा, 150 ते 200 युरो रोख ठेवा. नेहमीचं क्रेडिट कार्ड हॉटेलच्या डिपॉझिटपुरतंच वापरा. बहुतेक कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे लाखामागे 4,130 रुपये.

हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालतं. बुडापेस्टमध्ये आम्ही दोघं एका दुकानात पाप्रिका, म्हणजे तिथली लाल मिरचीची पूड, आणि दोन भरतकामाचे टेबलक्लॉथ घेतले. कार्ड लावल्यावर यंत्राच्या पडद्यावर दोन आकडे आले, वर फोरिंट, खाली रुपये. फोरिंटचा आकडा पाच अंकी, बघूनच छाती दडपते. रुपये ओळखीचे वाटले म्हणून मी तिथे बोट ठेवलं. रात्री खोलीवर त्या दिवसाच्या दराने हिशेब केला तर सुमारे साडेपाचशे रुपये जास्त गेले होते. दुकानाच्या यंत्राने लावलेला दर बँकेच्या दरापेक्षा तेवढा चढा होता. एटीएमवरही हाच प्रश्न विचारतात. दरवेळी तिथलंच चलन निवडा, रुपये कधीच नाही.

हॉटेल ऐन चौकात घेऊ नका. मेट्रोच्या स्टेशनपासून पाच मिनिटांवर, शक्यतो छोटं स्वयंपाकघर असलेलं घ्या. सकाळचा चहा आणि पोहे खोलीवर झाले की दिवसाचे 20 युरो वाचतात. व्हिएन्नात रविवारी किराण्याची दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्टेशनांतली तेवढी उघडी, म्हणून शनिवारी सामान भरून ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. तिथे नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, पहिली वाहिनी 1873 मध्ये सुरू झाली. मेट्रोला फाटक नाही, पण तिकिटाशिवाय सापडलात तर 100 युरोंहून जास्त दंड आहे. दिवसांचा पास घेऊन तो यंत्रात छापून घ्या.

आणि पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी करा. शॉनब्रून राजवाड्याची बाग फुकट आहे. राजवाड्यामागची टेकडी चढून वर जा, सगळं शहर खाली दिसतं. बुडापेस्टला 2 नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाने जाते, अंधार पडल्यावर संसद भवनाचे दिवे लागलेले असतात तेव्हा साध्या तिकिटात बसा. तिथली एम1 मेट्रो 1896 ची आहे, लाकडी चौकटींची, फरशांनी मढवलेली छोटी स्टेशनं. तिनेच सेचेनी स्नानगृहाला उतरता येतं. बाहेर थंडी आणि आपण वाफाळत्या पाण्यात, याला मात्र पैसे मोजा, तिथे काटकसर नको. दोन शहरांमधल्या रेल्वेला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. व्हिसा हाती आला की लगेच तिकीट काढा, लवकर घेतलेलं बरंच स्वस्त पडतं.

साहेबांच्या "पुन्हा होत नाही" याला माझं उत्तर आकड्यातच आहे. हीच 8 हजारांची आरडी सहलीनंतर बंद न करता चालू ठेवलीत तर चार वर्षांत मुद्दलच 3 लाख 84 हजार होतं. रोम आणि फ्लोरेन्स त्यात होऊ शकतं, तेव्हा लेकही कमावती असेल.

सध्या एवढं करा. टूर कंपनीला महिनाअखेरीस द्यायची 50 हजारांची आगाऊ रक्कम देऊ नका. आणि मार्चच्या आधी बँकेत जाऊन एफडीवर आपोआप नूतनीकरणाची खूण आहे का ते बघा. असेल तर काढून टाका, नाहीतर ते 3 लाख पुन्हा वर्षभरासाठी गुंततील आणि ऑगस्टमध्ये मोडायला गेलात तर व्याज कापून मिळेल.