खारफुटीवरची इंग्रजी पुस्तिका कोळीवाड्यासाठी मराठीत करायची आहे. भाषा सोपी कशी ठेवू?

मालाड खाडीकाठच्या एका कोळीवाड्यासाठी मी हेच काम केलंय, आणि पहिल्या खेपेला सपशेल आपटले.

मूळ इंग्रजीत खारफुटीला माशांची 'नर्सरी' म्हटलं होतं. मी झोकात लिहिलं, 'कांदळवने ही मत्स्यजीवांची रोपवाटिका आहेत.' दुपारी ओट्यावर बसून वाचून दाखवलं, तर कोलंबी सोलणारी एक मावशी हात न थांबवता म्हणाली, "मासलीची रोपं कवा लावली गो बाय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन पुन्हा वाचायला बसले, तर पानोपानी अशीच रोपं लावलेली. (एका ठिकाणी तर 'आंतरभरती क्षेत्र'. हे मी शुद्धीत असताना लिहिलं होतं.)

तेव्हा भाषा सोपी करायच्या फंदात पडू नका. त्यांची भाषा आपल्यापेक्षा बारकाव्याची आहे. आपण सरसकट 'भरती' म्हणतो. त्यांच्याकडे पुनवेला-अवसेला उधाण असतं आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी असलेली भरती. आपली 'खारफुटी' त्यांच्याकडे तिवर, कांदळ, चिप्पी अशी वेगवेगळी झाडं. मी भरतीचं तारखांचं कोष्टक काढून तिथ्या घातल्या. 'प्रजनन काळ' खोडून 'मासळी गाभोळीला येते ते दिवस' केलं.

रोपवाटिकेच्या जागी त्याच मावशीनं 'माहेर' सुचवलं. मी खूश. पण समुद्रजीवशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीनं अडवलं: बाजारातली बहुतेक मोठी कोलंबी अंडी घालते बाहेर समुद्रात. इवली पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, तिवरांच्या मुळांत लपून वाढतात आणि मोठी झाली की परत समुद्रात जातात. म्हणजे बाळंतपण इथलं नाहीच. हे मावशीला सांगितलं, तर क्षणभरही न थांबता म्हणाली, "मग आजोळ लिव." तेच छापलं.

कायद्याचे शब्द मात्र बदलू नका. कांदळवन, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), जनसुनावणी हे जसेच्या तसे ठेवा आणि शेजारी बोलीतला अर्थ द्या. आमच्या एका अर्जात नुसतं 'तिवरं तोडली' असं होतं. तो झाडं तोडल्याची तक्रार म्हणून भलत्याच खात्यात फिरून आला. मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली, तिचा आधार घ्यायचा तर अर्जात 'कांदळवन' हवंच. शिवाय 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश राज्यभाषेतही द्यावा लागतो. तो मिळवून ओट्यावर वाचा. लोक पुस्तिकेपेक्षा तो जास्त लक्ष देऊन ऐकतात, कारण त्यात त्यांच्याच खाडीचं नाव असतं. त्या सारांशाचं मराठी बहुधा माझ्या रोपवाटिकेच्या जातकुळीतलं असतं, तेव्हा तोही समजावून सांगायची तयारी ठेवा.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत गेलात तर पुरुषही भेटतील, जाळी विणत बसलेले. कच्चा खर्डाच न्या, मोठ्या अक्षरात, समासात भरपूर जागा सोडून. आणि वाचताना पेन त्यांच्यातल्याच एखाद्या शाळकरी पोरीच्या हातात द्या. आपल्या हातात असलं की आपण हळूच 'दुरुस्ती' करतो.